अप्पा पेपर निवडतात

दुसरबीडचे पुंजाजीअप्पा वर्तमानपत्र शेवटून वाचायचे. शेवटून म्हणजे शेवटच्या पानापासून नव्हे, तसे वाचणारे पुष्कळ आहेत. अप्पा शेवटच्या पानावरच्या शेवटच्या ओळीतला शेवटचा शब्द धरायचे आणि तिथून एकेक शब्द मागे येत, उजवीकडून डावीकडे, खालून वर, असे थेट पहिल्या पानावरच्या पेपराच्या नावापर्यंत पोचायचे. मग चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसायचे आणि म्हणायचे, ''आज नाही.''

वाचायचे, हा शब्द मी वापरला खरा, पण तो अप्पांना मुळीच चालत नसे. ''म्या वाचून नाही राह्यलो गुरुजी, पाहून राह्यलो. वाचलं की माणूस भुलते.''

माणूस कसा भुलतो तेही ते समजावून सांगत. समजा, नागपुरात खून झाला आहे. तुम्ही बातमी सरळ वाचायला घेतली की खुनी कोण, कशापायी मारलं, पकडला की नाही, यात तुमचा जीव अडकतो. तेवढ्यात मधल्या एखाद्या ओळीत 'दुसरबीड' येऊन जातं आणि तुमच्या डोळ्यांवरून ते निसटतं. ''अन् उलटं पाह्यलं की खूनच होत नाही,'' अप्पा म्हणायचे. ''नुसते शब्द राह्यतात. मंग शब्द कुठी जाते पळून?''

तर अप्पा पेपरात दुसरबीड शोधायचे. रोज. त्यांना दुसरा छंद नव्हता, व्यसन नव्हतं, भजनाला बसत नसत, पारावरच्या गप्पांत त्यांचं मन रमत नसे. थोडी कोरडवाहू जमीन होती, तिच्यात ज्वारी आणि कापूस पेरायचे. शेतातलं काम आटोपलं की हातपाय धुऊन, डोक्याला स्वच्छ रुमाल बांधून वाचनालयात हजर.

वाचनालय हे मोठं नाव झालं. ग्रामपंचायतीने एक खोली दिली होती, त्यात एक बाक, एक सतरंजी आणि किल्ली हरवलेलं एक कपाट. मी गावच्या प्राथमिक शाळेत मास्तर, शाळा सुटली की तिथे बसायचो. नागपूरचा एक मराठी पेपर मेहकरकडून येणाऱ्या एस.टी.ने दुपारी यायचा, तोही आदल्या दिवशीचा. महाराष्ट्र नुकताच झालेला होता. आमचा जिल्हा आधी नागपूरच्या राज्यात होता, मग मुंबईच्या राज्यात गेला, आणि आता महाराष्ट्रात आला. गाव जागचं हललं नाही, पण राज्य तिसरं! अप्पांनी यावरून एक हिशेब केला होता. पहिली दोन्ही राज्यं परक्यांची होती, त्यांना दुसरबीडचं काय कौतुक? आता राज्य मराठी माणसाचं आहे, छापखाने त्याचे आहेत, आणि दुसरबीड तर त्याच्या ऐन रस्त्यावर आहे. मग ते छापून का येणार नाही?

''आपल्या राज्यात आपलं गाव छापून नाही आलं, तं राज्य कायले केलं?'' हा त्यांचा सवाल. याचं उत्तर, मला वाटतं, मुंबईतही नसावं.

नाव सापडलं की अप्पा ते रंगवायचे. शिशपेनीने खूण करणं त्यांना पटत नसे. शिशपेनीने रेघ मारली की वाटतं कोणी चूक काढली, आणि दुसरबीडच्या नावाखाली चुकीची रेघ नको. त्यासाठी त्यांनी पळसाच्या फुलांचा पिवळाकेशरी रंग केला होता. उन्हाळ्याच्या तोंडावर फुलं वेचायची, मडक्यात उकळायची आणि रहीमभाई रंगाऱ्याने सांगितल्याप्रमाणे त्यात तुरटी टाकायची. तो रंग डोळ्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरून त्यांच्या बंडीच्या खिशात असे. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, काडीला कापूस गुंडाळला की झाली कुंचली. शब्दावरून ती एकदाच फिरवायची. रंग चढायचा, पण खालचं अक्षर स्वच्छ दिसायचं. मी नंतर शहरांत मोठमोठ्या साहेबांची टेबलं पाहिली, पण इतकं नेटकं रंगवलेलं अक्षर कुठे पाहिलं नाही.

त्याचेही कायदे होते. 'दुसरबीडला' असं छापलं असेल तर फक्त 'दुसरबीड' रंगवायचं, 'ला' कोरा ठेवायचा. ''शेपटीले रंग नाही,'' अप्पा सांगायचे. मथळ्यात आलं तर दोनदा कुंचली फिरवायची, पण तशी वेळ कधी आली नव्हती. ओळ संपल्यामुळे नाव तुटून अर्धं खालच्या ओळीत गेलं असेल, तर दोन्ही तुकडे रंगवून मधे बारीक रेघ ओढायची, म्हणजे घर मोडलं असं वाटू नये. आणि नुसतं 'बीड' आलं तर कुंचली उचलायची सुद्धा नाही. बीड जिल्ह्याची बातमी असली की अप्पांचं तोंड कडू होई. पुण्याकडचा कोणी पाहुणा ''दुसरबीड म्हणजे बीडजवळ का?'' असं विचारून बसला, तर त्याला चहा मिळायचा, पण बिनसाखरेचा.

सगळ्या कायद्यांच्या वरचा एक कायदा होता. ''छापलं तं हाय, नाही छापलं तं नाही.'' गावात काय घडलं, कोण काय म्हणालं, याला अप्पांच्या लेखी किंमत शून्य. कागदावर आहे का, एवढं बोला.

गावाने याची थट्टा करायची ती केलीच. आमच्याकडे बाया गहू निवडतात, डाळ निवडतात. गावाने म्हणायला सुरुवात केली, अप्पा पेपर निवडतात. कोणी विचारलं, ''अप्पा घरी हायेत काय?'' की उत्तर यायचं, ''नाही, पेपर निवडाले गेले.'' अप्पांना यात काही वावगं वाटत नसे. निवडण्यासारखं कष्टाचं आणि चोख काम दुसरं नाही, असं त्यांचं मत होतं.

एकदा सापडलं. एका पावसाळ्यात पानाच्या कोपऱ्यात चार ओळी आल्या, की दुसरबीडजवळ सरकीचा ट्रक उलटला. अप्पांनी तो पेपर गावभर फिरवला. मी म्हटलं, ''अप्पा, अपघाताची बातमी आहे हो.''

''उलटला तं उलटला,'' अप्पा म्हणाले, ''पण दुसरबीडजवळ उलटला ना! देऊळगावजवळ तं नाही उलटला?'' देऊळगाव राजाला बालाजीचं मंदिर, मोठी बाजारपेठ, जालन्याच्या आणि बुलढाण्याच्या गाड्या. त्या गावाचं नाव पेपरात सतत यायचं, हे अप्पांचं जुनं दुखणं. त्या दिवशी ते जरा बरं झालं.

असे अप्पा वर्षभर थट्टेचा विषय असले तरी उन्हाळ्यात एक दिवस असा यायचा, की त्या दिवशी गावात त्यांच्याइतका मोठा माणूस नसे. तो मॅट्रिकच्या निकालाचा दिवस. पेपराच्या आतल्या पानांवर मुंग्यांसारखे बारीक नंबर छापून यायचे. पास झालेल्यांचे तेवढे, बाकीच्यांचा उल्लेखही नाही. आसपासच्या खेड्यांतले लोक तळहातावर नंबर लिहून आणायचे. पेपर एकच आणि डोकी शंभर. पूर्वी यात दोनदा पेपर फाटला होता. अप्पांकडे काम आल्यापासून शिस्त आली. पेपर सतरंजीवर अंथरायचा, अप्पा एकटे त्याच्यासमोर मांडी घालून बसणार, बाकीच्यांनी हात लावायचा नाही. एका वेळी एक नंबर सांगायचा. शोधायचा तोच एक, त्या वेळी दुसऱ्या नंबराकडे बघायचंही नाही. सापडला की पळसाचा रंग. तो ओला नंबर वाळेपर्यंत भले भले बाप तिथून हलायचे नाहीत.

आणि नसला, तर अप्पा कधीही 'नापास' म्हणायचे नाहीत. ''छापला नाही,'' एवढंच म्हणायचे, तेही खाली मान घालून. जणू चूक छापखान्याची.

आता अनसूयाबद्दल सांगितलं पाहिजे. ती अप्पांची एकुलती एक मुलगी. तिची आई लवकर वारली. अप्पांनी तिचं लग्न चिखलीच्या पलीकडच्या एका घरात करून दिलं. घर खातंपितं होतं, पण नवऱ्याने दुसरी बायको आणली आणि एके दिवशी सासरच्यांनी अनसूयाला ट्रंकेसकट आमच्या एस.टी. स्टँडवर उतरवून दिलं. उतरवणारा गाडीतून खालीही आला नाही. भर बाजाराचा दिवस होता. अप्पांना निरोप गेला. ते आले, त्यांनी ट्रंक स्वतःच्या डोक्यावर घेतली, आणि मागच्या गल्लीने न जाता पोरीला पुढे घालून बाजाराच्या मधून घरी नेलं.

''अनसूया परत आली म्हणतात,'' तेजराव पाटील पारावरून बोलले. तेजराव म्हणजे गावातलं वजनदार माणूस, जमीन मोठी आणि जीभ त्याहून मोठी.

''परत नाही आली,'' अप्पांनी ट्रंकेखालून उत्तर दिलं. ''घरी आली.''

अनसूया सातवी पास होती. रडून झाल्यावर, आणि ती फार दिवस रडली नाही, ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, ''गुरुजी, मले मॅट्रिक करायचं हाय. मॅट्रिक झाली तं बुलढाण्याले मास्तरणीचं ट्रेनिंग भेटते. मंग मी कोनाच्या दारात उभी राह्यणार नाही.'' आमच्या गावातल्या कोणत्याही बाईने तोवर मॅट्रिकची पायरी चढलेली नव्हती. शाळेत जायचं वय निघून गेलेलं, तेव्हा घरी अभ्यास करून बाहेरून परीक्षेला बसायचं ठरलं. मराठी, इतिहास, भूगोल मी शिकवणार. गणितासाठी ती रविवारी देऊळगावला एका हायस्कूलच्या मास्तरांकडे जाई.

अप्पांना यात आपणही काहीतरी केलं पाहिजे असं वाटू लागलं. त्यांचं शिक्षण चौथीपर्यंत. शिकवता येत नव्हतं, पण शोधता येत होतं. ''तू मले शब्द सांग,'' ते पोरीला म्हणाले, ''मी तुह्या पुस्तकातून निवडून देतो.'' तिने भूगोलाच्या पुस्तकातला 'पर्जन्य' सांगितला. दुसऱ्या दिवशी सगळे पर्जन्य पिवळे. तिला ते सोयीचं वाटलं. पुस्तक उघडलं की कुठे काय आहे ते दिसायचं.

मग एक दिवस माझ्याकडून घोटाळा झाला. मी अप्पांसमोर अनसूयाला म्हणालो, ''इतिहासात कारणं फार महत्त्वाची. परीक्षेत कारणंच विचारतात.'' अप्पांनी मान डोलावली. चार दिवसांनी इतिहासाचं पुस्तक माझ्यासमोर आलं. त्यात पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत जिथे जिथे 'कारण' हा शब्द होता, तो पिवळाधमक. कारणं सगळी कोरी आणि 'कारण' तेवढा रंगवलेला!

अनसूया पदर तोंडात धरून हसली. अप्पा मात्र अभिमानाने म्हणाले, ''एकबी सोडला नाही गुरुजी.'' त्याच पुस्तकात त्यांना शेजारचं सिंदखेड सापडलं होतं. तेही त्यांनी हलकंसं रंगवलं होतं. ''शेजारी तं आहो ना आपण,'' असं म्हणाले.

अभ्यास चालला. अनसूया कापूस वेचताना पाढे म्हणायची, भाकरी थापताना कविता म्हणायची. गावात बोलणी सुरू झाली. पोरगी हातची गेली, बाप खुळा आहे म्हणून, आई असती तर असं झालं नसतं. तेजराव पाटलांनी तर वाचनालयात सर्वांसमोर विचारलं, ''अप्पा, एवढा गाजावाजा केला, अन् पोरगी नापास झाली तं तोंड कुठी लपवसान?''

''तोंड लपवाले म्या काय चोरी केली?'' अप्पा म्हणाले आणि पुन्हा शेवटच्या पानाकडे वळले. पण त्या दिवशी त्यांनी पहिलं पान पाहायचं राहू दिलं आणि तसेच उठून गेले. हे मला दिसलं. अनसूयाचं पुढचं सगळं आयुष्य त्या एका परीक्षेवर टांगलेलं होतं, आणि हे तेजरावांपेक्षा अप्पांना जास्त ठाऊक होतं.

परीक्षा देऊळगावला झाली. बाहेरून बसलेल्या बायकांचे नंबर वेगळे आणि ओळीने होते. अनसूयाचा नंबर ७३४३. अप्पा तो येता जाता पुटपुटायचे. बैलांना चारा टाकताना मी त्यांना तो म्हणताना ऐकलंय.

निकालाच्या दिवशी एस.टी. उशिरा आली. वाचनालयात पाय ठेवायला जागा नव्हती. अप्पांनी पेपर अंथरला, बाटली उघडून बाजूला ठेवली आणि कामाला लागले. लोकांचे नंबर आधी, घरचा नंबर शेवटी, हे त्यांनी कोणी न सांगता ठरवलं होतं. एक नंबर सापडला, तीन नाही सापडले. पुन्हा एक सापडला. आमच्या भागातली पोरं अशी, की शेजारी शेजारी बसलेले दोघं पास झाल्याचं मी कधी ऐकलं नाही. ज्याचा सापडायचा तो उड्या मारत जाई, ज्याचा नसे त्याचा बाप गुपचूप टोपी घालून बाहेर पडे.

गर्दी ओसरली. तेजराव पाटील काही काम नसताना दाराशी थांबले होते. ''पाहा ना अप्पा आता अनसूयाचा.''

अप्पांनी चष्मा पुसला. शेवटून सुरू केलं. त्यांचं बोट एकेका नंबराखालून मागे सरकत होतं. एका ठिकाणी ते थबकलं, थोडं मागे-पुढे झालं आणि पुढे सरकलं. मग पुन्हा त्याच जागी परत आलं. अप्पांनी सगळं पान दोनदा पाहिलं. मी त्यांना एखाद्या नंबरासाठी पान दोनदा पाहताना त्या आधी पाहिलं नव्हतं.

''छापला नाही,'' ते म्हणाले.

त्यांनी बाटलीला बूच लावलं, पेपराची घडी केली, माझ्या हातात दिली आणि बाहेर गेले. ''म्हटलं होतं म्या,'' तेजराव म्हणाले. माझी स्वतःची पोर नापास झाल्यासारखं मला झालं होतं. इतका अभ्यास केलेली मुलगी मी शाळेत पाहिली नव्हती. अप्पांच्या नजरेवर शंका घ्यावी, असं तर कोणाच्याच मनात येणं शक्य नव्हतं. त्यांनी नाही म्हटलं की नाही.

सगळे गेल्यावर मी बाकावर बसलो आणि नुसतं हाताला काहीतरी असावं म्हणून पेपर उघडला. मी आपला साधा माणूस, पहिल्या ओळीपासून वाचणारा. निकालाच्या अगदी डोक्यावर एक चौकट होती. जागेअभावी यंदा सलग नंबर पास असतील तिथे पहिला आणि शेवटचा नंबर देऊन मधे 'ते' छापला आहे, असं तिच्यात लिहिलं होतं. मागच्या सालापर्यंत हा प्रकार नव्हता. एकेक नंबर सुटा छापायचे. आणि अप्पा शोधायचे तो नेमका तेवढाच आकडा. नंबरांवरची चौकट त्यांच्या कामाची नव्हती.

माझी नजर घाईघाईने खाली आली. ७३४१ ते ७३४६.

आमच्या पोरांच्या ओळींत एकही 'ते' नव्हता; त्यांना त्याची गरजच पडली नव्हती. ती पडली या बायकांना. सहाच्या सहा, ओळीने पास! मी चपला घालायला विसरलो आणि तसाच अप्पांच्या घराकडे सुटलो.

अनसूया ओट्यावर बसली होती. समोर सूप, सुपात डाळ, पण हात हलत नव्हता. ''समजलं मले गुरुजी,'' ती म्हणाली. ''तुमी एवढं शिकवलं, अन् मी...'' मी पेपर तिच्यापुढे धरला आणि चौकटीवर बोट ठेवलं. तिने वाचलं. मग स्वतःचं बोट खाली नेलं आणि त्या दोन आकड्यांवर ठेवलं. कितीतरी वेळ तिने ते बोट काढलं नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसतही होती.

''अप्पा कुठे आहेत?'' मी विचारलं.

तिलाही माहीत नव्हतं. तेवढ्यात शेजारच्या वच्छलाबाई हातात एक पेढा घेऊन तरातरा आल्या. ''अनसूया, तुह्या बापाचं डोक्सं फिरलं काय व? पोरगी नापास झाली अन् हा माणूस गावात पेढे वाटून राह्यला! इचारलं कायचे, तं म्हन्ते, पोरगी मॅट्रिकले बसली त्याचे.''

आम्ही गल्लीकडे पाहिलं. स्टँडवरच्या हॉटेलातले होते नव्हते तेवढे पेढे अप्पांनी उचलले होते. वेताच्या टोपलीवर रुमाल झाकलेला, आणि अप्पा एकेका दारापुढे उभे राहून हाक मारत होते. बाया दारात येत, पेढा घेत आणि त्यांच्या पाठमोऱ्या अंगाकडे बघत राहत. कोणी कपाळाला हात लावत होतं. एक म्हातारी रडली.

मी हाक मारायला तोंड उघडलं, तर अनसूयाने माझा हात धरला. ''थांबा गुरुजी. वाटू द्या त्याइले.''

''अगं, पण तू पास आहेस!''

''हाव. पण वाटू द्या.''

बापाबरोबर लेकीचंही डोकं फिरलं, असं मला वाटलं. पण तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मी ओट्यावर टेकलो. अप्पा तेजराव पाटलांच्या घरापुढे पोचले होते. गल्ली अरुंद, सगळं ऐकू येत होतं.

''कायचे पेढे?'' तेजराव.

''पोरगी मॅट्रिकले बसली.''

''अन् नंबर?''

''छापला नाही.''

''मंग पेढे कायचे बे?''

''तुह्या घरातली कोनी बाई बसली काय आजलोक?'' अप्पा म्हणाले. ''माही बसली. साऱ्या गावातून एकटी बसली. पुढच्या सालीबी बसन. घे. गोड हाय.''

तेजरावांनी पेढा घेतला. दुसरं काय करणार होते? अप्पा पुढच्या घराकडे वळले. ते चालत होते ते वाकून नव्हे, बाजारातून ट्रंक नेली तेव्हा चालले होते तसे, छाती काढून. फक्त रुमालाने वरचेवर तोंड पुसत होते आणि तो घाम नव्हता, हे मला त्या अंतरावरूनही कळत होतं. अनसूया दाराच्या चौकटीला टेकून एकटक बघत होती. सगळी गल्ली संपेपर्यंत ती हलली नाही.

शेवटी अप्पा आले. मला पाहून जरा ओशाळले. एक पेढा माझ्या हातावर ठेवला, मग टोपली लेकीपुढे धरली. ''घे बाई. मन खराब नको करू. एक साल काय, दोन सालं लागले तरी तू शिक. मी हाव ना.''

तिने पेढा तोंडात टाकला, सावकाश खाल्ला. मग त्यांचा हात धरून ओट्यावर बसवलं आणि पेपर पुढे केला. मी चौकट वाचून दाखवली. अप्पांना पटेना. ''पण छापला कुठी हाय? एक्केचाळीस हाय. सेहेचाळीस हाय. त्रेचाळीस दाखवा ना मले!''

''या दोघांच्या मधे आहे अप्पा, या 'ते'मध्ये. सहाही जणी आहेत त्यात.''

अप्पा त्या एवढ्याशा अक्षराकडे बघत राहिले. त्यांचा आयुष्यभराचा कायदा त्यांच्या डोळ्यांसमोर मोडत होता, आणि इतक्या आनंदाने कायदा मोडताना मी कोणाला पाहिलं नाही. मग ते लहान पोरासारखे मोठ्याने रडले, भर गल्लीत, सगळ्यांसमोर. वच्छलाबाईंनी पाणी आणून दिलं. ते त्यांनी अर्धं प्यायलं, अर्धं अंगावर सांडलं, आणि एकदम रिकामी टोपली उचलून उठले.

''कुठे निघाले अप्पा?''

''देऊळगावले. गाडी भेटन अजून. येथचे पेढे सरले. पोरगी पास झाली गुरुजी, गाव जेवू घालतो मी आज!''

अनसूयाने त्यांच्या हातातली टोपली काढून घेतली आणि त्यांना पुन्हा खाली बसवलं.

''बसा बाबा. आता नका वाटू,'' ती म्हणाली. ''पास झालेल्या पोरीचे पेढे तं कोनाचाबी बाप वाटते.''